धाकटा येईपर्यंत

आमच्या माहेरी कुणी शेवटाला टेकलं की पहिला प्रश्न असतो, ‘जीव कुणात अडकलाय?’ औषधपाण्याचं नंतर. ज्याच्यात अडकलाय त्याला बोलावून आणायचं, तोंड दाखवायचं, की माणूस सुटतो. माझ्या मामाच्या वेळी त्याचा मुलगा बंगळुरूहून निघाला होता, म्हणून कराडच्या डॉक्टरांनी मामाला तेवढ्यापुरतं व्हेंटिलेटरवर ठेवलं. मुलगा आला, पायाशी बसून रडला. मग ‘घरी नेतो’ म्हणून सही केली, घरी आणलं आणि सोप्यातच नळी काढली. मामा पाच-दहा मिनिटांत गेला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आई तर वर्षभर सांगत होती, भाऊ माझा सुखानं गेला, लेकाचं तोंड बघून गेला.

हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ ह्यातूनच झाला. कराडात चालतं ते अबुधाबीतही चालत असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बाबा गेल्यावर मी आईला इकडे अबुधाबीला माझ्याकडे आणलं. तिची फुप्फुसं वाळत चालली होती. ह्याला औषध नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशिन घुरघुरायचं आणि त्याची लांब नळी नाकाला लावून आई घरभर फिरायची. ‘दावं बांधलंय मला म्हशीसारखं,’ म्हणायची. खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, तिनं दोन शब्द उचलले होते, यल्ला, म्हणजे चला, आणि खलास. खलास म्हणताना तो दुकानदार पीठ झटकावं तसे दोन्ही तळवे एकमेकांवर झटकायचा. आईला त्याचं भारी कौतुक. दूध संपलं, झटकले तळवे. मालिका संपली, झटकले. टोरांटोहून माझ्या भावाचा फोन यायचा, तो दोन मिनिटांत ‘चल आई, मीटिंग आहे’ म्हणून ठेवायचा, की ही फोनकडे बघत तळवे झटकायची आणि हसायची. हसायची, पण पुढच्या रविवारपर्यंत तिचा कान फोनकडे असायचा. धाकटा ना तो.

एकदा मटार सोलता सोलता म्हणाली, ‘मला नळ्या घालू नका गं. तुझ्या बाबांच्या वेळी बघितलंय मी.’

‘गप गं आई.’

‘गप काय? मेलं कोंबडं आगीला भीत नाही. सांगतेय ते ऐकून ठेव.’

मी ऐकून ठेवलं. बरं म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि तिला श्वास पुरेना. हॉस्पिटलात मास्क लावला, तोही कमी पडायला लागला. तिथल्या डॉक्टर सीरियाच्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. घशातून नळी घालून मशिनवर ठेवता येईल, पण एकदा घातली की ही फुप्फुसं परत आपल्या बळावर चालायची नाहीत. नाही घातली तर त्रास होऊ नये म्हणून औषधं देऊ, मग दिवस-दोन दिवस. मी म्हटलं, नळी नको. ठामपणे म्हटलं. कंपनीत मी खरेदी विभागात आहे, नाही म्हणायचाच पगार मिळतो मला.

मग भावाला फोन लावला.

‘ताई, मी निघतोय. मी येईपर्यंत ठेवा तिला. फक्त येईपर्यंत! मामाला नव्हतं का ठेवलं?’

मी म्हटलं, ती नको म्हणालीय. तर म्हणाला, मला दाखव तिला. मी फोन आईसमोर धरला. पंचेचाळिशीचा बाप्या, लहान पोरासारखा हुंदके देत होता. ‘आई, थांब गं. मी येतोय, थांब.’ आईनं स्वतःच्या हातानं मास्क खाली ओढला. एकेका शब्दाला धापत म्हणाली, ‘येऊ दे त्याला. तोवर घाला.’

‘आई, अगं तू काय सांगितलं होतंस...’

‘सांगितलं होतं. तो आला की काढ. तूच काढायला लाव. त्याच्याच्यानं व्हायचं नाही.’

मी हो म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, त्यांची तयारी आहे. पुढचं वाक्य मी त्यांना सांगितलंच नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? पाहुणा आला की दार उघडायचं, तसं ते आम्हा दोघींना साधं वाटत होतं.

भाऊ पोचला. सकाळी तपासणीसाठी झोपेचं औषध थोडं कमी करतात, तेव्हा त्याला आत नेलं. आईनं नळी उपसायचा प्रयत्न केला होता म्हणून तिच्या हातांत जाड, गोळा झालेले हातमोजे घातले होते आणि मनगटं पलंगाला बांधली होती. आम्ही दोघं जवळ आहोत म्हणून नर्सनं पट्ट्या सोडल्या. आईनं डोळे उघडले. भाऊ तिच्या पोटावर डोकं ठेवून रडायला लागला. तिनं तो गोळ्यासारखा हात त्याच्या केसांवर ठेवला, बराच वेळ ठेवला. डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात जात होतं. इतकं निवलेलं तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. दोन्ही हातमोजे उचलले आणि एकमेकांवर झटकले.

‘काय म्हणतेय ती, ताई?’

‘सांगते नंतर,’ म्हटलं आणि तशीच डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ते होणार नाही. इथला कायदा तसा आहे. हृदय आपोआप थांबलं किंवा मेंदू मेला असं ठरलं तरच मशिन काढता येतं. त्याआधी मुलांनी मागितलं तरी नाही, पेशंटनं स्वतः मागितलं तरी नाही. फार तर एवढं करता येईल, हृदय थांबलं तर छाती दाबून परत चालू करायचं नाही. तेही तीन मोठे डॉक्टर मिळून ठरवतील.

मी आवाज चढवला. अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू गेला असेल. म्हटलं, एवढं सगळं सांगितलंत, मग हे का नाही सांगितलंत?

‘तुम्ही विचारलं नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘काढायचीच म्हणून नळी घालतात, हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय.’

घरी नेते म्हटलं, तर मशिनसकट न्या. भारतात नेते म्हटलं, तर प्रवासात टिकतील असं लिहून द्यायला कुणी तयार होईना. सगळी दारं ठोठावून झाली.

त्या कायद्याशी मी मनातल्या मनात इतकी भांडलेय की त्याची बाजूही मला पाठ झाली. शेजारच्या पलंगावर एक मजूर होता, इमारतीवरून पडलेला. त्याचं इथं कुणी नव्हतं. कंपनीचा माणूस दाराशी यायचा, काचेतून बघायचा आणि जायचा. मशिन काढायचं की नाही हे त्या माणसाला विचारून ठरायला लागलं तर? त्या मजुरासाठी हा कायदा चांगलाच आहे, मी कुठं नाही म्हणते. पण माझी आई धडधडीत शुद्धीवर येऊन सांगत होती, आणि तिचं सांगणं कुणाच्या हिशेबी नव्हतं.

भावाला मी सगळं सांगितलं. तळवे कशासाठी झटकले तेही सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे आपल्या हातात नाहीच ना काही.’ त्याचा चेहरा सैलावला. हो, सैलावला! एक ठेवून द्यावीशी वाटली मला.

रजा संपली तसा तो परत निघाला. निरोप घ्यायला गेलो तेव्हा आई औषधानं झोपली होती, आणि त्यालाही ते बरंच वाटलं. विमानतळावर त्यानं ऑफिससाठी खजुराचे डबे घेतले. घेऊ नयेत असं थोडंच आहे. सगळेच घेतात. पण माझं डोकं फिरलं आणि मी त्याला गेटपर्यंतसुद्धा सोडायला गेले नाही.

ज्याच्यासाठी नळी घातली तो गेला आणि नळी राहिली.

रोज सकाळी मी ऑफिसच्या आधी जायची. औषध उतरलं की आई डोळे उघडायची, मला शोधायची आणि हातमोजे झटकायची. आधी समजुतीनं, मग घाईनं, मग रागानं. तो आला होता. तिनं तिचा शब्द पाळला होता. आता माझी पाळी होती, आणि मी नुसती उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी डोळ्यांनी बघितला. ती धडपडायची, मशिन बोंबलायला लागायचं, नर्सेस धावायच्या, परत मनगटं बांधायच्या.

माझी मुलगी सोळा वर्षांची. ती म्हणाली, ‘जस्ट टेल हर द ट्रुथ, मम्मा.’ खरं होतं तिचं. दुसऱ्या दिवशी मी आईच्या कानाशी वाकून सांगितलं, ‘आई, इथं काढता येत नाही गं. सगळ्यांच्या हातापाया पडून झालं. माझं काही चालत नाही.’ ती माझ्याकडे बघत राहिली. मग डोळे मिटून घेतले. माझ्यावर रुसली की तिला कळलंच नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हातमोजे वर.

दिवसेंदिवस तिचं भान कमी होत गेलं, धडपड मात्र गेली नाही. एका सकाळी चौघांनी धरलं तरी आवरेना. छाती भात्यासारखी उडत होती, डोळे बाहेर आलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आई, थांब! तो यायचाय अजून.’

ती थांबली.

‘धाकटा गं. निघालाय. विमानात आहे.’

तिनं भुवया उचलल्या. कधी?

‘उद्या येईल.’

तिचे खांदे खाली आले, बोटं हातमोज्यांत सुटी झाली. मशिनचा आरडाओरडा बंद झाला. वाट बघणं तिला येत होतं, जन्मभर तिनं त्याच्या फोनची वाटच बघितली होती. त्या दिवसापासून मी रोज तेच सांगायला लागले. रोज ती भुवया उचलायची आणि रोज मी उद्या म्हणायची. त्यानंतर तिचे हात बांधावे लागले नाहीत.

मुलीनं एकदा ते ऐकलं. लिफ्टमध्ये म्हणाली, ‘बट मामा केम, मम्मा. शी सॉ हिम. यू टुक दॅट अवे फ्रॉम हर.’

‘मग उद्या तू धर तिचे हात,’ मी म्हटलं. ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. माझ्यात तेवढी ताकद नव्हती. पोरगी बोलली ते खरंच होतं. पाप म्हणा, काहीही म्हणा. मशिन काढणं माझ्या हातात नव्हतं आणि हे होतं, म्हणून हे केलं. परत वेळ आली तर परत करीन.

ती गेली त्या दुपारी मी ऑफिसात असताना तिची तब्येत घसरली. त्यांनी बोलावून घेतलं. तीन डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं, कुणी छातीला हात लावला नाही. पडद्यावरची रेघ सपाट झाल्यावर सीरियाच्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘आता काढता येईल.’ आणि स्वतःच्या हातानं नळी काढली. मी हातमोजे काढले. आतली बोटं घामानं पांढरी पडून सुरकुतली होती.

भावाचा फोन आला. रडत होता. शेवटी म्हणाला, ‘ताई, मी आलो होतो ते कळलं होतं ना तिला? सुटला असेल ना गं जीव?’

‘कळलं होतं,’ मी म्हटलं. ‘तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता की तिनं.’

त्याच दिवशी सकाळी तिनं भुवया उचलून विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, उद्या.