आयती बाग
कोवळी गवार मोडताना तिचा हिरवट वास आला, की मला मानवत गावातलं आमचं सरकारी क्वार्टर आठवतं. दुष्काळ सरून पहिलं बरं वर्ष आलं होतं आणि वडिलांची तिथे बदली झाली होती. राहायला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं, तर गवार, वांगी, कुंपणावर दोडक्याचे वेल! आई हरखून म्हणाली, "आयतीच बाग मिळाली की!" आम्ही सगळे गवार तोडत असतानाच एक बाई आत आल्या. आधीच्या कारकुनाच्या त्या पत्नी. ते नोकरीतच वारले, म्हणून बाईंना हे घर सोडावं लागलं होतं. मागे राहिलेला पाटा न्यायला त्या आल्या होत्या. आईने पदरातली गवार चटकन त्यांच्यापुढे केली. "राहू द्या बाई, लय कवळी हाय. लेकरांना करून घाला," त्या म्हणाल्या. मग सवयीनेच त्यांनी हौदातून बादली भरून वांग्यांना घातली. दुसरी भरताना एकदम थांबल्या आणि पुटपुटल्या, "इसरलेच मी." पाटा कडेवर घेऊन त्या उन्हात निघून गेल्या. त्या घरात आम्ही पुढे बरीच वर्षं राहिलो. पण त्यांना "बसा, घोटभर पाणी घ्या" एवढंही आमच्यापैकी कुणी म्हटलं नाही, याची लाज मला आजही वाटते.