गाजलेल्या खेळांचे पेपर तपासताना

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला घरी बसवलं. आयुष्यभर वर्गात येरझाऱ्या घालत शिकवलेल्या बाईला 'बसून राहा' म्हणणं ही शिक्षाच. जुन्नरच्या पेठेत दोन खोल्यांत मी एकटी राहते. लग्न केलं नाही, शाळा केली, आणि आता तीही संपली. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची एका रविवारी व्हिडिओ गेमचं यंत्र घेऊन आली, ते टीव्हीला जोडलं आणि दोन मुठींचा तो कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आत्या, पाय हलवायचा नाही ना? मग बोटं हलव. जगात सगळ्यात गाजलेले खेळ आहेत हे."

"गाजलेले म्हणजे कोणी गाजवलेले?" मी विचारलं. गावानं डोक्यावर घेतलेल्या हुशार मुलांचे पेपर मी नेहमी दोनदा तपासले आहेत. गुण देण्याच्या बाबतीत माझा हात आखडता, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

त्याच रविवारी भाचीनं आणखी एक सामान माझ्याकडे आणून ठेवलं होतं, ते म्हणजे तिचा बाप. माझा धाकटा भाऊ, अवसरीचा. वहिनी गेल्यापासून तो बोलणंच विसरल्यासारखा झाला होता. व्हय, न्हाई, बरं, एवढ्यावर दिवस काढायचा. शेतातून आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. भाचीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला सोबत हवी असं सांगून आणलंय त्यांना. बोलतं कर त्यांना, आत्या. मला भीती वाटते." भीती मलाही वाटली, पण घाबरलेलं तोंड पोरांना दाखवायची मला सवय नाही. म्हटलं, "जा तू. बघते मी."

बघणार काय, कपाळ! चार दिवस मी बोलले आणि तो उंबऱ्याशी बसून तंबाखू मळत राहिला. शेवटी वैतागून मी खेळ लावला.

पहिला खेळ अवघड म्हणून नावाजलेला. पाऊल टाकलं की मरण. पुन्हा उठा, पुन्हा मरा. जाणकार म्हणे यालाच थोर म्हणतात. मी सांगते, पेपर अवघड काढणं सोपं असतं. मुलगा चुकला तर का चुकला, हे त्याला कळलं पाहिजे, तर तो पेपर चांगला. या खेळात ते कळत होतं, हे मात्र कबूल करायला हवं. चूक नेहमी माझीच निघायची, घाईची. म्हणून पास केला. दुसऱ्या खेळात सगळं इतकं सुंदर आणि दुःखी होतं की मला फक्त बघत बसायचं होतं. मधूनच एक बटण दाबायला सांगायचे, मी झोपले नाही ना याची खात्री करायला असावं. त्याला नापास करणार होते, पण संगीत ऐकून हात थांबला.

तिसरा खेळ सगळ्यांत मोठा. डोंगर, नद्या, गावं, वाटेल तिकडे जा. त्यातला तरणाबांड वीर एका गावात आला, एका घरात शिरला आणि मी खेळाच्या सांगण्यावरून कोपऱ्यातली पेटी उघडली. आतलं सामान आमच्या वीरानं पिशवीत टाकलं. घरधनी शेजारी उभा राहून बघत होता.

"चोर हाय का काय ह्यो?" मागून आवाज आला.

मी वळले नाही. वळले असते तर तो पुन्हा मिटला असता.

"दुसऱ्याच्या घरात शिरायचं, पेट्या उचकायच्या, आन् त्यो बाबा निस्ता बगतोय. बरं, पावनं आलं तर ह्यांनी बी पानी इचारलं न्हाई. कसलं गाव म्हनायचं ह्ये?"

कित्येक महिन्यांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता. आणि दोष त्यानं अगदी नेमका धरला होता. इतक्या नावाजलेल्या खेळात चोरी म्हणजे कमाई, आणि पाहुण्याला पाण्याचा तांब्या नाही! पण मी त्याच्याशी सहमत झाले नाही. लहानपणापासून तो माझ्याशी फक्त भांडायलाच तोंड उघडतो, हे मला आठवलं. म्हटलं, "वीर आहे तो. राज्य वाचवतोय. चार पेट्या उघडल्या तर काय बिघडलं?"

"राज्य वाचवायचं तर पयलं राज्यातल्या मान्सांची घरं सोड म्हनावं त्याला!"

झालं, गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून मी मुद्दाम दोषांची बाजू घेऊ लागले. शीळ घातली की घोडा डोंगरापलीकडून हजर होतो, याचं मी तोंड भरून कौतुक केलं. त्यावर जनावराला दाणा नाही, पाणी नाही, नाल नाही, यावर मला दुपारभर ऐकून घ्यावं लागलं. भर उन्हात समोरून गर्जना करत धावून येणारा बिबट्या पाहून तर तो हसलाच. "आक्का, बिबट्या असा वर्दी देऊन येतोय व्हय? ह्येला आमच्या उसात धाडा चार दिस, शिकंल." मी त्याचं हसणं कानात भरून घेतलं आणि वर म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं!"

एके दिवशी म्हणाला, "दे हिकडं. तू लई घाई करतीस." कंट्रोलर त्याच्या हातात गेला तो गेलाच. तो वीराला पायी चालवायचा. कुणाच्या घरात शिरायचा नाही. तलवार गंजायचीच बाकी होती. मला आपली शिकवणी फुकट गेल्यासारखं वाटे, पण तो जेवायला दोन भाकरी मागू लागला होता, म्हणून गप्प बसे.

त्या खेळात डोंगराच्या कुशीत पाच-सात घरांची एक वाडी होती. घोडेगावच्या पलीकडे दिसतात तशी भाताची खाचरं, आणि एका दारात उभी असलेली म्हातारी. जवळ गेलं की ती बोले, खाली इंग्रजी अक्षरं उमटत आणि मी ती मराठीत वाचून दाखवी. "वारा सुटलाय, डोकं झाकून जा." "ओढ्याच्या कडेनं जाऊ नकोस, निसरडं आहे." "येताना इकडूनच ये." संपलं. पुन्हा गेलं की पुन्हा तेच. भाऊ रोज खेळ लावला की आधी तिथे जायचा. मला वाटलं, खाचरं आवडली असतील.

महिनाभरानं भाची आली तेव्हा भाऊ खेळ लावून बसला होता, आणि मी तिला निकाल ऐकवायला बसले. तिसऱ्या खेळाला देखाव्याचे भरपूर गुण दिले. मोकळेपणाचे त्याहून जास्त. चोरीचे कापले, घोड्याचे कापले. "आणि त्या म्हातारीचे कापले," मी म्हटलं. "एवढा पैसा ओतला, एवढी माणसं राबली, आणि बाईच्या तोंडी तीन वाक्यं! नुसती घोकंपट्टी."

"त्ये कापू नगंस," भाऊ म्हणाला.

"का? तीच तीन वाक्यं रोज बोलते ती."

"तुजी वैनी बी तीनच बोलायची." तो टीव्हीकडेच बघत होता. "मोटार बंद केली का. टोपी घ्या, ऊन हाय. वाढू का. लगीन झाल्यापास्नं रोज. मला कदी कटाळा आला न्हाई, आक्का."

भाची माझा हात घट्ट धरून बसली. वहिनीचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा, आज बसून राहिला होता. "नाही कापत," मी म्हटलं. गुण दिल्यावर फिरवायची माझ्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

"कापायचंच आसंल तर दुसरं काप," तो पुढे सरसावून म्हणाला. "ती येवढं बोलती, पर तिला उत्तर द्यायला बटान न्हाई. समदी दाबून बगितली म्या. एकानं उडी मारतो, एकानं तलवार काडतो. आता म्हातारीम्होरं तलवार काडून काय करू मी? पोरी, तुज्या कंपनीला सांग."

"बाबा, माझी कंपनी बँकांची कामं करते!"

"मंग बँकंला सांग."

आम्ही तिघंही हसलो, भाची तर डोळे पुसत पुसत. तो हसायचा थांबला तेव्हा वीर म्हातारीच्या दारातच उभा होता.

"मला लई काय बोलायचं नव्हतं," तो म्हणाला. "निस्तं येवढंच म्हनायचं व्हतं, व्हय गं, घेतली टोपी."