भाड्यात धरलेलं पाणी

मुलांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या थोरलीनं सांगितलं, नवं घर भाड्यानं घेतलंय. वीज, पाणी, घर ऊबदार ठेवायचा खर्च, सगळं भाड्यातच. "आजी, कसली कटकटच नाही." मी "छान" म्हणाले आणि विषय बदलला. का बदलला, हे तुमच्या वडिलांनाही सांगता येणार नाही, कारण तो तेव्हा फारच लहान होता. म्हणून मीच लिहिते. उन्हाळ्याच्या दुपारी लांबलचक असतात आणि मला आता झोप लागत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वसईत सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, तुमचे आजोबा कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचे. भुईगावच्या वाटेवर एका ख्रिस्ती बागायतदार कुटुंबानं आपल्या केळीच्या वाडीला लागून एकमजली इमारत बांधली होती. खाली ते, वर आम्ही तीन बिऱ्हाडं. दोन खोल्या, लाइट आणि पाणी भाड्यात. मला ते कागदावर हवं होतं. मालकीणबाई हसल्या. "लिहून काय करणार, टीचर? लाइट लागला की दिसतो, पाणी आलं की दिसतं."

दिसायचं, पण त्यांच्या मर्जीनं. मीटर एकच, त्यांच्या ओटीवर. विहिरीवरचा पंप सकाळी गच्चीवरची टाकी भरायचा, मग विहिरीचं पाणी वाडीला. टाकी संपली की दिवस संपला. रिकाम्या खोलीत दिवा राहिला तर खालून हाक यायची. संध्याकाळी ते माळेच्या प्रार्थनेला बसले की मी रेडिओ बंद करायचे. नियम कुणी सांगितला नव्हता. दुसऱ्याच्या मीटरवर राहणाऱ्या माणसाला तो आपोआप कळतो.

दुसऱ्या वर्षी तुमच्या आजोबांच्या आईला अर्धांगवायू झाला. कोकणातल्या घरी धाकटे दीर एकटे, दिवसभर शेतावर. आम्ही सासूबाईंना आमच्याकडे आणलं. डावी बाजू गेली होती, जीभ मात्र शाबूत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "मला परत नको हो धाडूस. तिथे कोण पुसणार मला?"

अंथरुणातलं माणूस म्हणजे रोज चादरी. मी शाळेतून यायचे, त्यांना स्वच्छ करायचे आणि मोरीत धुवायला बसायचे. मे महिन्यात टाकी दुपारच्या आत कोरडी पडायला लागली. शेजारची बिऱ्हाडं आधी भिंतीशी बोलली, मग मालकीणबाईंशी. त्या वर आल्या.

"टीचर, तुमच्याकडे रोज लग्नघर हाय काय?"

"मावशी, चादरी धुवाव्याच लागतात."

"लागतात, मला काय कळत नाय? पण विहिरीचा तळ दिसतोय. भाड्यात पाणी धरलेलं, विहीर नाय धरलेली. चादरी कमी करा, नायतर पावसाच्या आधी दुसरी जागा बघा."

अंथरुणाला खिळलेलं माणूस घेऊन जाणाऱ्यांना जागा कोण देणार होतं? आणि जागा नाही मिळाली, तर सासूबाई परत गावी. आतून सासूबाईंनी मालकीणबाईंना हाक मारली.

"बाय, जरा इकडे ये. हे धुतलेलं पाणी जातं कुठे?"

"कुठे म्हणजे? पाइपातनं, रस्त्याच्या गटारात."

"गटारात? आणि केळी पाण्यावाचून? आमच्याकडे असलं करणाऱ्या सुनेला उंबऱ्याबाहेर उभी करतात."

मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझी सासू असती तर मला पण केली असती. मोरीचं पाणी वाडीत सोड म्हणून गवंड्याला सांगून सांगून दमले. ऐकलं नाय मेल्यानं."

"मग माझं पाणी तुझ्या केळीला दे. फुकट नको मला."

दोघी थोडा वेळ आपापल्या गावच्या वाड्यांबद्दल बोलल्या. मी दाराला टेकून उभी होते. मग मालकीणबाईंनी मला सांगितलं, "टीचर, चादर वर एका बादलीत खळबळवा, बाकी खाली वाडीतल्या दगडावर धुवा. पंप चालू व्हायच्या आधी. पाणी हातानं शेंदायचं. ते पाटानं केळीलाच जाईल. सोडा नको, फिनेल नको."

आम्ही राहिलो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी शाळेआधी खाली जात होते. रहाटाला दोर, दोराला बादली. चादर आपटायची, पिळायची, ओली चादर खांद्यावर टाकून जिना चढायचा, आणि मग साडी बदलून मुलांना इंग्रजी काळ शिकवायचे. पावसाळ्यात पाण्याची चणचण नसे, तरी मालकीणबाईंनी मोरीत धुवा असं कधी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. मदतीला त्या कधी आल्या नाहीत. केळीचा घड उतरला की एक फणी मात्र आमच्या दारात असायची. सासूबाई खाताना म्हणायच्या, "खा गो, माझीच कमाई आहे." मला हसू यायचं, पण बसल्या जागी डोळे मिटायचे.

सासूबाई तिथेच गेल्या, आमच्या खोलीत, धुतलेल्या चादरीवर. आम्हीही नंतर जागा सोडली. पुढे ती इमारत पडली आणि वाडीवर दुसऱ्या उभ्या राहिल्या.

तुम्ही मध्ये विचारलंत की आजी फोनच्या पडद्यावर नेहमी डाव्या हातानं का टाटा करते. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्या घरातलं एवढंच उरलं आहे.