कागदावरचं एकशेवीस

खोपोलीच्या क्लासात आम्ही कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, कॅड, शिकलो म्हणजे खरं तर सरांना फसवायला शिकलो. एका कॉम्प्युटरवर दोघी. रोज एक चित्र काढायचं आणि त्याची प्रिंट सरांपुढे ठेवायची. सर लाल पेनाने फक्त आकडे तपासायचे. रेघ दोन मिलिमीटर चुकली तर सगळं पुन्हा काढायचं आमच्या जिवावर यायचं. मग आम्ही मापाच्या आकड्यावर क्लिक करून हवा तो आकडा टाइप करायचो. रेघ एकशेअठराची, वर लिहिलेलं एकशेवीस. कागद बघून कोण ओळखणार? सर्टिफिकेटवर मला ‘अ’ श्रेणी आहे.

खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली ती आमच्या पोशीर गावच्या एका काकांच्या शब्दावर. ते तिथे पत्रा कापायच्या मशीनवर कंत्राटी होते. “पोरगी हुशार हाय, सायेब,” एवढंच ते बोलले होते.

दुसऱ्याच महिन्यात घाईघाईत एका पट्टीची लांबी चुकली आणि हात सवयीने आकड्यावर गेला. फाईल काकांच्या मशीनवर गेली. मशीन आकडे वाचत नाही, रेघेवरून कापत जातं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीच्या सगळ्या पट्ट्या आखूड निघाल्या.

साहेबांनी माझी प्रिंट बघितली. एकशेवीस. पट्टी मोजली. एकशेअठरा.

“फाईल हाय तशी टाकली, सायेब. मी हात नाय लावला,” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “सांग गं तू.”

फाईल उघडून रेघ मोजली असती तर सगळं उघडं पडलं असतं. नोकरी गेली असती, माझी. मी म्हणाले, “प्रिंटमध्ये तर बरोबर आहे, सर.”

हे खोटं नव्हतं, त्याचीच मला जास्त लाज वाटते. दुपारीच काकांचा गेटपास काढून घेतला, काम गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर शेजारीच उभा होता, इस्त्रीच्या कुडत्यात. संध्याकाळच्या आत मी फाईलमधली ती रेघ दुरुस्त करून टाकली.

परवा काका नेरळच्या बाजारात भेटले. “मशीनच बिघडलं आसंल तवा,” ते अजून असंच म्हणतात. मग हसून म्हणाले, “धाकटीला तुज्याच क्लासात घातलीय गं. तुज्यासारखी शिकू दे.”

निदान तिला आकड्याला हात लावू नको म्हणून सांगा, एवढं तरी बोलायचं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं.

“क्लास चांगला हाय, काका,” मी म्हणाले.