सुई अडकते त्याच्या पुढचं

टायफॉइडमधून उठले तेव्हा माझ्या डाव्या कानात तारा वाजू लागल्या होत्या. भर दुपारी, भाकरी थापताना, कुणीतरी अगदी जवळ बसून एकेक तार छेडावी तसं. सतार नव्हती, एकतारीही नव्हती. आवाज थंडगार, आणि एक स्वर दुसरा येईपर्यंत हवेत थांबून राहायचा. त्या गाण्याला सुरुवातच नव्हती. ते मधूनच उगवायचं, शेवटाला पोहोचायचं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तिथूनच. कान दाबला की आणखी स्पष्ट व्हायचं.

आमचं कुलदैवत खंडोबा. शहराजवळच्या सातारा गावात त्याच्या दर्शनाला मी रविवार चुकवत नसे. पण एका रविवारी गाभाऱ्यासमोर घंटा वाजत असताना त्या घंटेच्या आतून ती तार ऐकू आली आणि मी तशीच मागे फिरले. जे देवासमोरही थांबत नाही, ते आहे तरी काय? त्यानंतर मी देवळात गेले नाही. घरीच रडत म्हणायचे, हे काढून घे बाबा, आणि म्हणताना वाटायचं, ऐकणारं कुणी नाहीच.

आमचे हे गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला आहेत. आधी ते हसण्यावारी न्यायचे. मग एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "तू आत्ता कुणाला व्हय म्हणालीस?" मी तर तोंडही उघडलं नव्हतं, असं मला वाटत होतं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. कानात दोष नाही, आता मनाच्या डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी सांगितलं. मी बाहेर बाकावर चिठ्ठीची वाट पाहत बसले होते. शेजारी एक वृद्ध काका आणि त्यांची मुलगी होती. काकांचं ऐकायचं मशीन दुरुस्तीला आत दिलेलं, म्हणून मुलगी त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलत होती. मी नकळत ते गाणं गुणगुणत असणार. एकदम काकांनी माझं मनगट धरलं.

"बाई, हे तुम्ही कुठं ऐकलं?"

"बाबा, सोडा त्यांना!" मुलगी ओशाळून मला म्हणाली, "माफ करा ताई. यांना मशीनशिवाय काहीच ऐकू येत नाय हो." आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन ती वडिलांच्या रिकाम्या कानाकडे बघू लागली.

काका अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड होते, घर तिथल्याच फर्दापूर गावी. फार वर्षांपूर्वी आयर्लंडची एक बाई लेणी पाहायला आली होती. ती हार्प वाजवायची. हार्प म्हणजे खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी छेडायचं उभं वाद्य. मायदेशी गेल्यावर तिनं काकांना आपली पहिली रेकॉर्ड पाठवली. तिच्या मुलखातल्या केल्टिक लोकांची जुनी, परंपरेनं आलेली गाणी, दुसरी कसलीच साथ नाही. काकूंना त्या रेकॉर्डचं वेड लागलं. पुढे शहरात घर हलवताना तिच्यावर चरा गेला आणि शेवटच्या गाण्यात सुई अडकू लागली.

"आई आजारी पडली तेव्हा तेवढंच मागायची," मुलगी म्हणाली. "'पुढचं लावा की,' म्हणायची. मी मोबाईलवर लई शोधलं. त्या बाईच्या नंतरच्या रेकॉर्डी सापडल्या, ही नाय. आई तशीच गेली."

मी ह्यांना फोन करून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं त्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेलो. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या होत्या. मुलीनं शेवटच्या गाण्यावर सुई ठेवली आणि पहिल्याच स्वराला माझ्या अंगावर काटा आला. तेच वाद्य. पण हा भाग मला नवा होता. मग सुई अडकली. तेच दोन-तीन स्वर, परत परत, जणू कुणी दार वाजवतंय. कुणीच उठून सुई उचलली नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि माझ्या कानात, बरोबर तिथून पुढे, सुरू झालं.

मी गुणगुणू लागले. आजारानं माझा श्वास पुरत नसे, पण त्या दिवशी कमी पडला नाही. गाणं संपलं तेव्हा लक्षात आलं, रेकॉर्डही शांत होती. सुई अडकल्या जागेच्या पुढे मध्यापर्यंत पोहोचली होती आणि तबकडी नुसती फिरत होती. मुलीनं घाबरून पुन्हा लावून पाहिली. सुई त्याच जागी अडकली.

काकांचं मशीन अजून दुरुस्तीलाच होतं, कानात काही नव्हतं. ते भिंतीलगतच्या, काकूंच्या रिकाम्या खाटेकडे पाहत म्हणाले, "असंच संपायचं ते. ऐकलं तिनं."

ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता. माझ्या कानात काहीच नव्हतं. बाहेरून भाजीवाल्याची हाक आली, ती दोन्ही कानांनी ऐकली आणि मला रडू फुटलं.

हे काय होतं ते मला सांगता येत नाही, आणि कुणाला पटवायचंही नाही. एवढंच कळतं, की माझं रडणं ऐकून देवानं ते लगेच काढून घेतलं असतं, तर एका बाईचं मागणं कायमचं अर्धं राहिलं असतं. माझं गाऱ्हाणं त्यानं थोडं थांबवून ठेवलं, याबद्दल मी त्याचे उपकार मानते. आता भंडारा कपाळी लावताना ओठावर मागणं येतं, पण मी ते तिथंच ठेवते. कुणाचं काय माझ्या हाती द्यायचं ते त्यानं ठरवावं. मी हात पुढे करून उभी आहे.