फळ्यावरची तिसरी ओळ

सिडकोतल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्तीला करमाडहून एक जण यायचा. मशीन उघडलं की आधी नुसता बघत बसायचा, मग एकदाच हात लावायचा. कोड लिहायला तो घरीच शिकला होता, म्हणून प्रोग्रामरची जागा निघाली तेव्हा त्यानंही अर्ज केला. मुलाखतीत मी फळ्यावर कोड लिहून उत्तर काय येईल ते विचारलं. तो बघतच राहिला. दहा मिनिटांनी मी त्याला परत पाठवलं.

महिन्याभरानं कॉम्प्युटर पुसता पुसता तो म्हणाला, "सर, त्या कोडच्या तिसऱ्या ओळीत चूक व्हती. ते चाललंच नसतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मोठे साहेब बसले व्हते ना. त्यांच्यासमोर तुमची चूक कशी काढू?"

आम्ही ज्याला घेतलं, त्यानं त्याच कोडचं उत्तर झटकन दिलं होतं.