विहिरीतली रेघ

कोणताही विषय एकटा सापडला की त्याचे दुसऱ्याशी लग्न लावून दिल्याखेरीज ज्यांना चैन पडत नसे, असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले: बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दर रविवारी त्यांच्याकडे चहाला भूगर्भशास्त्रज्ञ राव, उर्दूचे अध्यापक खानसाहेब आणि संगणकाच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेले जोशी जमत. मी गणित शिकवीत असलो, तरी तिथे प्रामुख्याने बशा उचलीत असे. नियम एकच: स्वतःच्या विषयावर बोलणाऱ्याला दुसरा कप नाही. त्यामुळे राव गझलेविषयी बोलत, खानसाहेब फुलझाडांविषयी, आणि सगळेच चुकत. "चुका हो, मनसोक्त चुका!" प्राध्यापक आनंदाने ओरडत. "जाणकार माणूस प्रश्न विचारायला लाजतो."

गल्लीत घरोघरी मोटारी येऊ लागल्या, त्या वर्षांतली गोष्ट. इमारतीमागची कोरडी पायविहीर बुजवून तिथे मोटारी ठेवायचे सोसायटीने ठरवले. "विहीर जिवंत आहे!" प्राध्यापक सभेत कळवळून म्हणाले. "मग सिद्ध करा. सोमवारी मुरमाची लॉरी येते आहे," अध्यक्षांनी बजावले. हाती उरला एक रविवार.

ऐन मे महिन्यात आम्ही पाचही जण पायऱ्या उतरलो. नियम तिथेही लागू होता. झाडे पाहायची होती खानसाहेबांनी. ते भिंतीतल्या नेच्यांकडे बघत म्हणाले, "प्रोफेसर साब, ये पौदे एकीच लकीर में कायकू उगे?"

प्राध्यापक थबकले. ती नेची त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली होती. रेघ पाहिली नव्हती.

"क्रॅक है, बाबू!" राव नियम मोडून किंचाळले. "पत्थर में क्रॅक! पानी इधरीच से आता!"

जोशींनी वहीत ती रेघ पुढे वाढवली, मी कोन मोजला, आणि ती जिथे गाळात शिरत होती तिथे आम्ही फावडी घेऊन तुटून पडलो. कोण काय शिकलेला आहे, याचा त्या गाळात पत्ता लागेना. दुपारी खानसाहेबांचा पाय ओला झाला. "या अल्ला, पानी!" प्राध्यापकांनी रावांना मिठी मारली, रावांनी आरडाओरडा ऐकून खाली आलेल्या अध्यक्षांना, चिखलासकट.

सोमवारी लॉरी आली तशी परत गेली. "इतिवृत्तात शोध कोणाच्या नावावर लिहू?" अध्यक्षांनी विचारले. "खरेच सांगता येत नाही हो," प्राध्यापक हळूच म्हणाले.

प्राध्यापक आता नाहीत. उन्हाळ्यात नळ आटले की गल्लीतल्या बायका तिथे घागरी भरतात. त्यांना प्राध्यापकांविषयी काही सांगावे, असे मला दरवेळी वाटते. पण मी धीर करून जिना उतरेपर्यंत, घागरी भरून त्या निघून गेलेल्या असतात.